घरचा प्राणवायू : यंत्राची निवड व खर्च

कोविडच्या 2021 मधील दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे नाव आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात सर्वपरिचित झाले. हवेतील नायट्रोजन वेगळा करून हे यंत्र सुमारे 90 ते 95 टक्के शुद्ध प्राणवायू देते. रक्ततपासणी करून डॉक्टरांनी प्रवाह ठरवून दिल्यावरच ते घ्यावे. त्या प्रवाहावर शुद्धता टिकते काय व दुरुस्तीची सोय जवळ आहे काय, हे पाहावे. दीर्घकालीन उपचारात ते रोज किमान 15 तास चालवावे लागते. 350 वॅटचे यंत्र महिन्याला सुमारे 158 युनिट वीज घेते. बिलाच्या धास्तीने यंत्र बंद ठेवले, तर उपचारच थांबतो. वीज गेल्यास भरलेला सिलिंडर हाताशी हवा. म्हणून दात्यांस आमची नम्र विनंती, की यंत्राबरोबर वीजबिलाचाही भार उचलावा.