सब्ज्याचे पान आणि बाटलीतले तेल

निगडी असो वा चाकण, आपल्या गॅलरीतील कुंडीत सब्जा असेल, तर त्याची चार पाने चटणीत घालण्यास हरकत नाही. मात्र पान सोसते म्हणून त्याचे तेलही पोटात घ्यावे, असे समजू नका.

शंभर किलो ताज्या पाल्यापासून एक किलोहूनही कमी तेल मिळते. म्हणजे एका थेंबात पुष्कळ पाने एकवटलेली असतात. लिनालूल, मिथाईल चॅविकॉल आणि युजेनॉल हे त्यातील प्रमुख घटक. वाण, हवामान व कापणीची वेळ यांनुसार त्यांचे प्रमाण बदलते. लखनौच्या ‘सीमॅप’ने विकसित केलेल्या ‘सिम-सौम्या’ वाणात मिथाईल चॅविकॉल सर्वाधिक असते. हाच घटक मोठ्या मात्रेत दिल्यावर प्रयोगशाळेतील उंदरांच्या यकृतात गाठी झाल्याचे आढळले आहे. बाटलीवर केवळ ‘बेसिल ऑइल’ लिहिले असल्यास आत काय किती आहे, हे कळत नाही.

म्हणून खोकल्यासाठी हे तेल ज्येष्ठांना पाजू नका. ठसका लागून ते फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. चुकून गिळले गेल्यास उलटी करवू नका; बाटलीसह तत्काळ रुग्णालय गाठा.