चार खेळणी, एक कोनाडा

दिवाळीला पुण्या-मुंबईचे काका, आत्या, मावशी येऊन गेल्या, की बुलढाणा जिल्ह्यातील कित्येक घरांत एक दृश्य हमखास दिसते. ओसरीच्या कोपऱ्यात खेळण्यांचा ढीग साचलेला असतो. त्यात चाक निखळलेली मोटार असते, आवाज बसलेला प्लॅस्टिकचा हत्ती असतो, निम्मे तुकडे हरवलेले कोडे असते. आणि ज्याच्यासाठी हे सारे आले, तो दोन-अडीच वर्षांचा नातू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून डब्याचे झाकण फरशीवर गरगर फिरवण्यात रंगून गेलेला असतो. आजीला हसू येते. आजोबा मनातल्या मनात खर्चाचा हिशेब मांडतात.

आई-वडील नोकरीवर किंवा शेतात गेले, की दिवसभर लेकराजवळ आजी-आजोबाच असतात. त्याने कशाशी खेळायचे, कुठे बसायचे, हे प्रत्यक्षात तेच ठरवतात. तरीही खेळणी निवडताना ते मागे सरतात. ‘आम्हाला यातले काय कळते?’ असा संकोच एकीकडे असतो आणि ‘नातवाला काही कमी पडू नये’ ही ओढ दुसरीकडे. या ओढाताणीत ढीग वाढतो, खेळ मात्र वाढत नाही. लहान मुलाला फार वस्तू लागत नाहीत. थोड्या, निर्धोक आणि प्रामाणिक वस्तू लागतात, त्या मांडलेली एक स्वच्छ जागा लागते आणि जवळ बसणारे माणूस लागते. यांतील तिसरी गोष्ट वडीलधाऱ्यांच्या घरात आधीच हजर असते. पहिल्या दोहोंचा विचार या लेखात करू.

थोड्यात पुष्कळ

अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षे वयाच्या ३६ मुलांचे निरीक्षण करण्यात आले. एकदा त्यांच्यासमोर चार खेळणी ठेवली आणि एकदा सोळा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की चारच खेळणी असताना मुले प्रत्येक खेळण्याशी अधिक वेळ खेळली आणि त्याच खेळण्याचे अधिक निरनिराळे उपयोग त्यांनी शोधले. सोळा खेळण्यांत त्यांचे लक्ष एका वस्तूवरून दुसरीवर उड्या मारत राहिले.

दुसरा अभ्यास ॲरिझोनामधला, २०१६ सालचा. त्यात दहा ते सोळा महिन्यांची बाळे आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्या होत्या. बोलणारी, गाणारी, दिवे लुकलुकवणारी खेळणी पुढ्यात असताना पालक बाळाशी कमी बोलले आणि बाळांनीही कमी आवाज काढले. साधी पारंपरिक खेळणी किंवा चित्रांची पुस्तके असताना बोलणे वाढले. खेळणेच बोलू लागले, की माणूस गप्प होतो. बाळाची भाषा तर माणसाच्या बोलण्यातूनच रुजते.

मोबाइलचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये. जितके कमी तितके बरे. जेवताना हाती दिलेला मोबाइल घास भरवणे सोपे करतो खरा. पण त्या वेळी आजीच्या तोंडून येऊ शकणारी चिऊकाऊची गोष्ट मागे राहते.

ही शिकवण आपलीच

साधेपणाची ही वाट परदेशातून नव्याने आलेली नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह उघडले, तेव्हा त्यांनी मुलांच्या उंचीच्या खुर्च्या आणि हाताला येतील अशी बुटकी फडताळे तिथे ठेवली. तो विचार महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत नेला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभारणाऱ्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. म्हणून या दोघींनी शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, मातीची भांडी अशी परिसरातली सामग्री वापरली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हा विचार आहे. सुंदर जागा म्हणजे महागडी जागा नव्हे. सारवलेले अंगणसुद्धा लेकराची शाळा होऊ शकते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले.

आपल्या जिल्ह्यात तर अशा सामग्रीची वाण नाही. ज्वारीच्या वाळलेल्या धांड्यांची बैलगाडी, चिंध्यांचा चेंडू, पोळ्याला कुंभाराकडून आणलेली मातीची बैलजोडी, भातुकलीची चूल, सुताराने करून दिलेला पांगुळगाडा यांची आठवण अनेक वाचकांच्या हाताला अजून असेल. धांड्याच्या गाडीला बटण नव्हते. ती चालवायला तोंडाने आवाज काढावा लागे, आणि त्या आवाजातच खेळ होता.

खेळणे निवडताना तीन प्रश्न

पहिला प्रश्न: ते मुलासाठी निर्धोक आहे का? १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे आपल्या देशात बंधनकारक आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर घरबसल्या तपासता येतो. नातवंडांपैकी कोणी मोठे असेल, तर ते काम आनंदाने करील. सरकारकडे नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांच्या खेळण्यांना या अटीतून सूट आहे. त्यामुळे चिन्ह नसलेले प्रत्येक लाकडी खेळणे वाईट असे समजू नये. मात्र तिथे रंग कोणता वापरला हे विचारावे. रंगातले शिसे मुलाच्या मेंदूला अपाय करते आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानलेली नाही. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक असू नये, असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा, माळ्यावर पडून असलेला रंगाचा डबा काढून जुना पाळणा किंवा घोडा रंगवण्याचा मोह म्हणूनच टाळावा. लाकूड गुळगुळीत घासून खाण्याच्या तेलाचा हलका हात दिला, तरी ते देखणे दिसते.

दुसरा प्रश्न: ते कोणी, कोणत्या परिस्थितीत घडवले? १० मे १९९३ रोजी थायलंडमधील केडर या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली आणि १८८ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली व स्त्रिया होत्या. परदेशी मुलांसाठी बाहुल्या आणि मऊ प्राणी त्या तिथे शिवत होत्या. एका लेकराच्या हसण्यासाठी दुसऱ्याच्या लेकीचा जीव जावा, हे कोणत्याही आजीला रुचणार नाही. दूरच्या कारखान्यात काय चालते ते आपल्याला दिसत नाही. गावातल्या सुताराचे, कुंभाराचे, बुरडाचे किंवा बचतगटात कापडी बाहुल्या शिवणाऱ्या बाईचे काम मात्र डोळ्यांसमोर असते. अशा ठिकाणी घासाघीस न करता योग्य दाम दिले, तर खेळण्याबरोबर एक सद्भावही घरात येतो.

तिसरा प्रश्न: मोडल्यावर त्याचे काय होणार? मातीचा बैल फुटला, तर मातीत जातो. लाकडी गाडीचे चाक पुन्हा बसवता येते. कापडी बाहुलीला टाका घालता येतो, आणि तो टाका नातीसमोर घातला, तर वस्तू टाकून न देता दुरुस्त करायची असते, हा धडा न सांगता मिळतो. प्लॅस्टिकचे सारेच वाईट असे नाही. घरात जे चांगले आहे ते जपून वापरावे, धाकट्या भावंडाला द्यावे. नवे घेताना मात्र हा प्रश्न मनाशी असावा.

जुने ते सारे निर्धोक नव्हे

आठवणींच्या ओघात एक सावधगिरी सुटता कामा नये. सागरगोटे, चिंचोके, कवड्या, गोट्या ही आपल्या बालपणीची खेळणी तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नयेत. या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते आणि एवढासा चिंचोका श्वास अडवू शकतो. लाल-काळ्या गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला मोहक, पण चावल्या गेल्या तर विषारी. त्या खेळात कोणत्याही वयाला नकोत. धांड्याची साल धारदार असते, म्हणून ती आधी मोठ्यांनी सोलून द्यावी. पोळ्याचे रंगवलेले बैल देव्हाऱ्यात शोभतात. तोंडात वस्तू घालणाऱ्या बाळापासून ते दूर ठेवावेत.

आधुनिक खेळण्यांतला एक मोठा धोका म्हणजे नाण्यासारखी चपटी बॅटरी. ती गिळली गेली, तर दोन तासांच्या आतही अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. नुसती शंका आली तरी उलटी करवण्याच्या खटपटीत न पडता मुलाला तात्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. रिमोट, घड्याळ आणि आवाज करणारी भेटकार्डे यांतही हीच बॅटरी असते.

चालायला शिकणाऱ्या बाळासाठी बसून पळवायचा वॉकर आणण्याची प्रथा पडली आहे. त्यात बसलेले बाळ क्षणात पायऱ्यांपर्यंत किंवा चुलीपर्यंत पोहोचते. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. आपला पांगुळगाडा निराळा. त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि गाडा ढकलते. मोठ्यांची नजर आणि सपाट जमीन एवढे असले, की पुरे.

लेकराचा कोनाडा

आता जागा. वेगळी खोली लागत नाही. जुन्या घरात भिंतीतला बुटका कोनाडा असतो, फ्लॅटमध्ये कपाटाचा खालचा कप्पा मोकळा करता येतो. त्यात चार ते सहा खेळणीच मांडावीत: एक ढकलायचे, एक रचायचे, एक कुशीत घ्यायचे, एक चित्रांचे पुस्तक. बाकीची पेटीत ठेवून दर पंधरवड्याला अदलाबदल करावी. पंधरा दिवसांनी बाहेर आलेली जुनी बाहुली मुलाला नव्यासारखीच वाटते. खाली आजीच्या जुन्या लुगड्याची वाकळ अंथरावी. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर एकच चित्र लावावे. उजेड भरपूर असावा.

जागा निवडताना आपल्या भागातल्या दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पाणीटंचाईमुळे घरोघरी बादल्या, टिपे, टाक्या भरून ठेवलेल्या असतात. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते; म्हणून प्रत्येक भांड्यावर घट्ट झाकण हवे आणि खेळाची जागा त्यापासून लांब हवी. उन्हाळ्यात कूलर लागतो. त्याच्या ओल्या पत्र्यात वीज उतरण्याचे अपघात होतात. कूलर मुलाच्या हाताबाहेर ठेवावा आणि त्याचे अर्थिंग वीजतंत्र्याकडून दर हंगामाला तपासून घ्यावे.

ही मांडणी जशी मुलासाठी, तशीच आजी-आजोबांसाठीही. फरशीवर विखुरलेल्या गाड्या आणि ठोकळ्यांवरून पाय घसरणे हे वृद्धांच्या पडण्याचे एक नेहमीचे कारण आहे, आणि उतारवयात मांडीचे हाड मोडले, तर सारे घर अडते. खेळणी मोजकी असली, तर ती आवरायला दोन मिनिटे लागतात. ‘चला, बैल गोठ्यात बांधू’ असे म्हणून दिवेलागणीपूर्वी नातवाबरोबर सारे कोनाड्यात ठेवण्याची सवय लावावी. ज्यांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, त्यांनी खुर्ची कोनाड्याशी आणावी आणि समोर चौरंग ठेवावा. मूल उभ्याने चौरंगावर खेळेल आणि नजर एका पातळीवर येईल. रात्री उठावे लागते, त्या वाटेवर एकही खेळणे नसावे.

घरच्यांशीही याविषयी मोकळेपणाने बोलावे. पुढच्या दिवाळीला येणाऱ्या काकांना, आत्याला आधीच फोनवर सांगावे: ‘एकच आणा, आणि आणाल त्याच्याशी तास-दोन तास त्याच्याजवळ बसून खेळा.’ यात कोणाचा मान कमी होत नाही. उलट भेटीबरोबर भेट देणारे माणूसही मुलाला मिळते.

उंबऱ्याशी बसून झाकण फिरवणाऱ्या त्या नातवाने खरे तर उत्तर आधीच दिले होते. त्याला गोल फिरणारी एक वस्तू हवी होती, तिचा आवाज हवा होता आणि ती थांबली, की ‘आता परत फिरव’ असे म्हणणारी आजी हवी होती. झाकण धुऊन, धार बोथट आहे ना हे पाहून, ते कोनाड्यात पहिल्या जागी ठेवावे.