लॉगबुकातली सही आणि हातातलं कसब

आजचा विषय आहे दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी. ती का करतात, त्याआधी काय खायचं, काय नाही, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. आज मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे. पोटात नळी घालणारा डॉक्टर ती घालायला शिकतो कुठे? आणि त्याला ती जमली, हे ठरवतं कोण?

मी सर्जरीचा रेसिडेंट होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. माझी पहिली कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची तपासणी, साठी ओलांडलेल्या एका बाबांची होती. त्याआधी सरांच्या मागे उभा राहून मी दहा-बारा पाहिल्या होत्या. तेव्हा शिकण्याची रीतच ती होती: एक बघा, एक करा, एक शिकवा. स्कोप थोडा आत गेला आणि अडला. मी ढकलला. पडद्यावरचं चित्र पुढे यायच्या ऐवजी मागे जाऊ लागलं, म्हणून मी आणखी ढकलला. बाबांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि म्हणाले, "जरा दमानं घ्या, डॉक्टरसाहेब." सरांनी माझ्या हातून स्कोप घेतला, बराचसा मागे ओढला, थोडा उजवीकडे पिळला आणि तो अलगद पुढे गेला.

बाबांना इजा झाली नाही. पण माझ्या शिकण्याचा त्रास त्यांनी सोसला, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी काय चुकलं, ते समजून घेऊ. मोठं आतडं सगळीकडे घट्ट बसवलेलं नसतं. त्याचा सिग्मॉइड नावाचा भाग पोटात सैल लोंबत असतो. स्कोप नुसता ढकलला की तिथे त्याचा वेटोळा होतो. टोक जागचं हलत नाही, आतडं मात्र ताणलं जातं आणि कळ येते. ताण फारच वाढला तर आतडं फाटूही शकतं. यावर उपाय म्हणजे मागे यायचं आणि आतडं स्कोपवर चुणून घ्यायचं. पायजम्यात नाडी ओवताना आपण काय करतो? पिन नुसती पुढे रेटत नाही, नेफा चुण्या करून पिनेवर ओढून घेतो. अगदी तसंच. म्हणूनच सुमारे दीड मीटर लांबीच्या आतड्याच्या शेवटापर्यंत चांगला हात ७०-८० सेंटिमीटर स्कोपमध्ये पोहोचतो.

हे ऐकून कळतं, पण ऐकून हाताला येत नाही. डाव्या हातात दोन चाकं असतात, एक टोक वर-खाली वळवायला आणि दुसरं डावी-उजवीकडे. त्याच हाताच्या बोटांखाली हवा-पाणी सोडायचं आणि ओढून घ्यायचं बटण. उजवा हात नळी सरकवतो आणि पिळतो. डोळे मात्र पडद्यावर. सायकल शिकण्यासारखंच आहे हे, फक्त इथे पडलं तर लागतं दुसऱ्याला.

मग मोजायचं कसं? सगळीकडे सोपा मार्ग निघाला तो आकड्यांचा. अमेरिकेत जनरल सर्जरीच्या रेसिडेंटने किमान ३५ वरच्या एंडोस्कोपी आणि ५० कोलोनोस्कोपी कराव्यात, असा नियम झाला. पण ५० वेळा केली याचा अर्थ ५० वेळा नीट केली, असा होत नाही. त्यातल्या किती वेळा सरांनी स्कोप हातात घेतला, ते आकडा सांगत नाही. म्हणून तिथल्या सेजेस या सर्जनांच्या संघटनेने एफईएस, म्हणजे फंडामेंटल्स ऑफ एंडोस्कोपिक सर्जरी, ही परीक्षा तयार केली. आधी ऑनलाइन अभ्यास, मग लेखी पेपर आणि मग सिम्युलेटरवर हाताची परीक्षा. अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीने २०१८ साली बाहेर पडणाऱ्या रेसिडेंटपासून तिची अट घातली.

हाताच्या परीक्षेत पाच कामं असतात. पहिलं, वळणावळणाच्या मार्गातून टोक नेणं. दुसरं, वेटोळा ओळखून सोडवणं. तेच, जे मला जमलं नव्हतं. तिसरं, जठरात टोक उलटं वळवून आलेल्या वाटेकडे बघणं, कारण जठराचा वरचा कोपरा सरळ जाताना दिसत नाही. चौथं, बाहेर येताना आतलं अस्तर नीट तपासणं. घडीमागे लपलेली गाठ सुटली तर पेशंट "सगळं नॉर्मल" म्हणून घरी जातो आणि आजार आत वाढत राहतो. पाचवं, स्कोपमधून अवजार घालून नेमक्या जागी टेकवणं. रक्तस्राव थांबवायचा किंवा गाठ काढायची तर हेच लागतं.

या सिम्युलेटरला मर्यादाही आहेत. तो तुम्हाला "दमानं घ्या" म्हणत नाही. नीट साफ न झालेलं आतडं, भूल दिलेल्या माणसाचा उतरणारा ऑक्सिजन, कधी थांबायचं हा निर्णय, हे सगळं पेशंटजवळ, अनुभवी डॉक्टरच्या शेजारी उभं राहूनच शिकायचं असतं. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे शिकणं संपलं नाही. पेशंटला हात लावायची तयारी झाली, इतकंच.

आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयात स्किल्स लॅब असावी लागते, पण संगणकावर चालणारा एंडोस्कोपी सिम्युलेटर फार महाग. आम्ही म्हटलं, मशीन नाही म्हणून थांबायचं कशाला? निकामी ठरलेला एक जुना गॅस्ट्रोस्कोप होता. वॉशिंग मशीनचा पाणी सोडायचा घड्याघड्यांचा पाइप आणला आणि फळीवर वळणं देऊन बसवला. आत रंगीत टाचण्या टोचल्या, त्या शोधायच्या. एक मडकं घेतलं आणि तोंडाच्या आतल्या बाजूला गोलाकार आकडे चिकटवले. स्कोप मडक्यात घालून उलटा वळवल्याशिवाय ते आकडे दिसत नाहीत. शेजारी घड्याळ आणि एक कागद: वेळ किती, टाचण्या किती सापडल्या, टोक कितीदा भिंतीवर आपटलं.

पहिल्याच आठवड्यात शेवटच्या वर्षाचा एक रेसिडेंट बसला. त्याच्या लॉगबुकात वरच्या एंडोस्कोपी चाळीसच्या वर होत्या. मडक्यात त्याला टोक वळवता येईना, आणि आठपैकी तीन टाचण्या सुटल्या. तो खजील झाला. मी त्याचं लॉगबुक मागवलं. प्रत्येक नोंदीखाली "स्वतः केली" असं लिहिलं होतं आणि त्याखाली सही होती. सही माझीच होती.

त्याला बोलण्याचा मला अधिकार नव्हता. तो रोज संध्याकाळी अर्धा तास मडक्यापाशी बसला आणि तीन आठवड्यांत आठही टाचण्या शोधू लागला. मी माझी पद्धत बदलली. आता या कागदावर ठरलेले गुण मिळाल्याशिवाय आमचा रेसिडेंट पेशंटवर स्कोप धरत नाही. लॉगबुकात नुसतं "केली" चालत नाही. किती अंतर त्याने स्वतः नेला आणि मी कुठे हातात घेतला, तेही लिहायचं.

हे इतकं महत्त्वाचं का? आपल्या अनेक लहान गावांत एंडोस्कोपी करणारा वेगळा पोटविकारतज्ज्ञ नसतो. रात्री रक्ताची उलटी झालेला माणूस येतो, तेव्हा समोर असतो तो सर्जनच. त्या वेळी त्याच्या हाताला काय येतं, यावर सगळं असतं.

शिकवणाऱ्या डॉक्टरमित्रांना एवढीच विनंती: सही करण्याआधी एकदा हात बघा. आणि बाकीच्यांनी तपासणीआधी बेधडक विचारा, "नळी कोण घालणार? शिकाऊ डॉक्टर असतील तर सोबत कोण असेल?" यात उद्धटपणा काही नाही. माझ्या त्या बाबांनी हे विचारलं असतं, तर उत्तर द्यायला आम्हाला जड गेलं असतं. तुम्ही विचाराल तेव्हा ते सोपं असायला हवं.