जुन्या लष्करी जीपची गिअरपेटी

दुसऱ्या महायुद्धाकरितां १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंतील विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांपैकीं कित्येक लिलांवांत निघून नागरिकांच्या हातीं गेल्या. आपल्या देशांतही त्या आल्या. विलीजनें १९४५ सालीं काढलेली सीजे-२ए ही गाडी तर शेतकरी गिऱ्हाइकावर नजर ठेवूनच बनविली होती. अशी एखादी लष्करी जीप ज्यांच्या गोठ्याशेजारीं अजून उभी आहे, त्यांचेकरितां हा मजकूर आहे.

या गाडीचें साठ अश्वशक्तीचें इंजिन दणकट. दुबळा भाग म्हणजे टी-८४ नांवाची गिअरपेटी. तिच्यांत पुढें जाण्याचे तीन गिअर व मागें येण्याचा एक. पहिल्या गिअरांत इंजिनाच्या सुमारें २.६६ फेऱ्यांस पेटीबाहेरील दांड्याचा एक फेरा होतो, दुसऱ्यांत १.५६ फेऱ्यांस, व तिसऱ्यांत एकास एक. गति जुळवून घेणारीं पितळी कडीं फक्त दुसऱ्या व तिसऱ्या गिअरांस आहेत. पहिल्यास तीं नसल्यामुळें गाडी चालत असतां तो जबरीनें घातला कीं दांत्यांच्या कडा उडतात. कित्येक पेट्या या खोडीनें बिघडलेल्या असतात.

झीज झाल्याची मुख्य खूण म्हणजे दुसरा गिअर आपोआप निसटणें. आमची जीप भरला ट्रेलर ओढीत घाट उतरत असतां हा गिअर निसटला. इंजिनाचा रोध तत्क्षणीं नाहींसा होऊन सारा भार ब्रेकवर आला, व गाडी वळणावर कशीबशी थांबली. त्यापूर्वीं एका मिस्त्रीनें गिअरच्या सळईंतील गोळीखालची स्प्रिंग बदलून दुरुस्ती झाली म्हणून सांगितलें होतें. स्प्रिंग कमजोर असूं शकते, नाहीं असें नाहीं. परंतु बहुधा रोग आंत असतो. खालच्या दांड्यावरील चक्रसमूहाच्या दोहों टोकांच्या चकत्या झिजल्या म्हणजे तो मागेंपुढें सरकूं लागतो. वरचा दांडा पुढच्या दांड्याच्या पोटांत ज्या लहान रोळांवर फिरतो ते झिजले म्हणजे तो डुलूं लागतो. मग दांते पुरते अडकत नाहींत, व पाय उचलतांच एकमेकांस बाहेर ढकलतात. पेटीचे इंजिनाकडील बोल्ट ढिले असले तरी हेंच होतें, म्हणून ते आधीं पाहावे.

पेटी उघडण्यापूर्वीं तेल स्वच्छ घमेल्यांत काढून त्यांत लोहचुंबक फिरवावें. चुंबकास चिकटणारे पोलादाचे कपचे दांत्यांचे किंवा बेअरिंगचे असतात. न चिकटणारी पिवळी चमक पितळी कड्यांची, चकत्यांची वा बुशांची होय. काय मागवावें लागेल याचा अर्धा अंदाज येथेंच येतो.

चारी चाकांस शक्ति वांटणारी पेटी मागील बाजूस जोडलेली असते. तिचें मागचें झाकण काढून वरच्या दांड्याचा नट सोडवावा, व त्यावरील चक्र ओढून घ्यावें. या वेळीं वरच्या दांड्यास दुसऱ्या गिअरच्या मागून तारेचा फांस घालून तो पुढें धरून ठेवावा. तसें न केल्यास दोन्ही पेट्या अलग होतांना दांडा मागें येतो, व रोळ सुटून तेलांत विखुरतात. खालचा दांडा ठोकण्यापूर्वीं मागील बाजूची अडकण पट्टी काढावी, आणि तो पितळी सुंभ्यानें पुढून मागें ठोकावा. घाईंत पोलादी पहार वापरून पेटीचें बीड फोडून घेतलेले लोक आम्हीं पाहिले आहेत.

चकत्या व रोळ सरसकट नवे घालावे; त्यांत काटकसर करूं नये. पितळी कडें त्याच्या शंकूवर हातानें दाबून फिरवावें. कडें व चक्राचे दांते यांमध्यें फट उरत नसेल तर तें टाकून द्यावें. चक्रांस वरवरचेंच कठीण पाणी दिलेलें असतें. तें सोलवटलें असल्यास घासून कांहीं साधत नाहीं, आणि वेल्डिंगनें दांता भरल्यास उष्णतेनें शेजारचें पाणी उतरतें. असें चक्र बदलणें हाच उपाय.

कित्येक जण या पेटीऐवजीं सीजे-२एची अधिक मजबूत टी-९० पेटी बसवितात. कांहीं भाग जुळवून घ्यावे लागतात, पण बसते. रोज ओझें ओढावयाचें असेल तर आमचें मत तिच्याच बाजूनें आहे. गाडी जशीच्या तशी जपावयाची असेल तर मात्र टी-८४च दुरुस्त करावी.

जुळणीच्या वेळीं रोळ घट्ट ग्रीसनें चिकटवून बसवावे, व झांकण लावण्यापूर्वीं दांडा हातानें फिरवून प्रत्येक गिअर घालून पाहावा. तेल ९० नंबरचें, गिअरपेटींत सुमारें ७०० मिलिलिटर व मागच्या पेटींत सुमारें १.४ लिटर लागतें. फार गंधकयुक्त तेल पितळ खातें, तें घालूं नये. पुढें एका पेटींतील तेल कमी होऊन दुसरींतील वाढलेलें दिसल्यास मधली आड झिजली असें समजावें. पहिल्या दीडशे किलोमीटरनंतर तेल काढून पुन्हां त्यांत चुंबक फिरवावें.