भिंत आपली, चित्र कुणाचं?

हॉस्टेलच्या कुठल्याही खोलीत डोकावा, भिंतीवर ठरलेल्या तीनच गोष्टी दिसतील. टाइमटेबल, एखादा क्रिकेटर नाहीतर बाईक, आणि मागच्या बॅचने वारसा म्हणून ठेवलेले सेलोटेपचे डाग! घरी तरी काय वेगळं असतं? फार तर एक कॅलेंडर जास्त. हल्ली वारली चित्रांचे तयार स्टिकर मिळतात. सोलले, चिकटवले, झालं डेकोरेशन! पण माझं म्हणणं असं की चिकटवण्याआधी हे चित्र भिंतीवर मुळात कसं आणि कशासाठी आलं, ते जरा समजून घेऊ.

डहाणू, तलासरी, जव्हार हा सगळा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, त्याआधी ठाण्यात होता. इथलं जुन्या पद्धतीचं वारली घर कुडाचं. कारवीच्या काठ्यांची भिंत बांधायची आणि तिला माती-शेणाने लिंपायचं. मित्रांनो, आपल्या भाषेत हे आरसीसीच की! माती दाब सोसते, ताण सोसत नाही. तो कारवीने सोसायचा. शेणातले तंतू भेगा आवरतात. या भिंतीवर गेरूचा हात फिरतो. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक, हा झाला रंग. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की झाला ब्रश. लिंपलेली भिंत पाणी शोषून घेते आणि पांढरं पीठ तिच्या खडबडीत अंगाला धरून राहतं. हाच प्रयोग ऑइलपेंटच्या भिंतीवर केला तर वाळल्यावर पापुद्रे निघतात.

आता कशासाठी? तर मुख्यतः लग्नासाठी. लग्नघरी सुवासिनी चौक काढतात. चौकात पालघट देवी, भोवती झाडं, प्राणी, नाचणारी माणसं. म्हणजे हे चित्र शोभेसाठी नव्हतं, घरात काहीतरी घडत होतं म्हणून होतं. पुढे भिंत पुन्हा सारवली की चित्रही गेलं. त्याचं कुणाला दुःख नाही!

१९७० च्या दशकात हे चित्र कागदावर आलं. जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाची वाट न पाहता रोज चित्रं काढली. मासे पकडण्याचं जाळं, मुंग्या, शेतं, जे पाहिलं ते काढलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं धड. एवढ्याशा व्याकरणात त्यांनी आपलं अख्खं जग सांगितलं.

मग आपण काय करायचं? भिंतीला हात लावला की रेक्टर कॉशन मनी कापणार, त्यामुळे जाड पुठ्ठा घ्या. गेरूत पाणी आणि थोडा फेव्हिकॉल कालवून दोन हात द्या. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही द्या, नाहीतर वाळताना तो एकीकडे वाकतो. पांढऱ्यासाठी पोस्टर कलर बरा, कारण तांदळाच्या पिठाला पावसाळ्यात बुरशी येते. आणि झिरो नंबरचा ब्रश. सगळा खर्च दोन कटिंग आणि वडापावच्या आसपास!

काढायचं काय? चौक नको. तो त्यांच्या लग्नाचा आहे, आपल्या पुठ्ठ्यावर त्याचं काय काम? तारपा नाचही दुकानातल्या प्रत्येक कपावर आहेच. त्यापेक्षा मेसची रांग काढा. सबमिशनच्या आदल्या रात्रीचा कॉरिडॉर काढा, एका ड्रॉइंगवर वाकलेली सहा माणसं! घरी न्यायचं असेल तर आजीचं अंगण, गावचा एसटी स्टँड काढा. रेषा वाकडी आली तर येऊ दे. स्टिकर सरळ असतो, पण त्यात आपल्या ओळखीचं कुणी नसतं.