नफा कुठे गेला, ते वही सांगते

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेतल्या दुकानांतून नव्याकोऱ्या वह्यांची पूजा होते. लाल कापडी बांधणीची वही, पहिल्या पानावर स्वस्तिक, शेजारी झेंडू आणि साळीच्या लाह्या. पण त्याच पेठेच्या कडेला पाटी घेऊन बसणाऱ्या मासळीवालीची वही कुठे असते? घरी शिलाई मशीन चालवणारीची? दिवाळीत रात्र रात्र जागून चकल्या तळून देणारीची? तिचा सगळा हिशेब डोक्यात, आणि पैसे कमरेच्या पिशवीत! त्याच पिशवीतून संध्याकाळी भाजी येते, मुलाची फी जाते, घरधन्याच्या मोबाइलचं रिचार्जही होतं. मग महिनाअखेरीस ती म्हणते, "धंदा तर होतो हो ताई, पण पैसा दिसत नाही."

दासगाव आणि आसपासच्या वाड्यांतून बचत गटांच्या कामासाठी फिरताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी पुढचा प्रश्न ठरवूनच टाकला आहे. "वही आहे का?" उत्तर बहुतेक वेळा एकच, "गटाची आहे, माझी नाही."

गंमत बघा. बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड यांच्या जोडीला पाचवं सूत्र हिशेब लिहिण्याचं आहे. बँक गटाला कर्ज देताना आधी ही दप्तरंच तपासते. बायका गटाचा रुपया न् रुपया लिहितात, दोन रुपयांची चूक निघाली तर बैठक उठू देत नाहीत. पण गटातून घेतलेले दहा हजार जिथे गुंतवले त्या स्वतःच्या धंद्याचं मात्र एक ओळही लिहीत नाहीत. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब चोख आणि आपल्या कष्टाचा तोंडी, ही आपल्या बायकांची जुनी खोड आहे. खरं तर आमचा तालुका हिशेबाला नवखा नाही. रायगड याच महाड तालुक्यातला, आणि महाराजांच्या अष्टप्रधानांत जमाखर्च पाहायला खास अमात्य होते. एवढ्या मोठ्या दौलतीला जे लागलं ते आपल्या चकलीच्या धंद्याला नको?

चकलीचाच हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्याकडचे भाव त्यात घाला. दोघीजणींनी मिळून वीस किलो चकली केली, ३२० रुपये किलोने विकली, म्हणजे ६,४०० रुपये आले. भाजणीचं धान्य आणि दळण १,६००, तेल १,५००, तीळ-तिखट-मसाला ५००, गॅस ५००, पिशव्या आणि लेबलं ४००, टेम्पो ३००. खर्च झाला ४,८००. हातात उरले सोळाशे, दोघी खूश! पण त्या दोघी तीन दिवस राबल्या, म्हणजे सहा दिवसांची मजुरी. शेतावर गेल्या असत्या आणि रोज ३०० धरला, तरी १,८०० झाले असते. म्हणजे नफा तर नाहीच, उलट दोनशे रुपये खिशातून घालून त्यांनी गावाला चकल्या खाऊ घातल्या! हा हिशेब मांडला की पहिल्यांदा सगळ्या हसतात, मग गप्प होतात. तेलाचा खर्च सगळ्या लिहितात, स्वतःची मजुरी कुणीच लिहीत नाही. घरकामाची सवय अशी अंगात मुरलेली की आपले हात फुकटचे, हे आपणच धरून चाललेलो असतो. मजुरी धरून भाव लावला तर तो किमान ३५० हवा, तेव्हा कुठे चारशे रुपये खरा नफा सुटतो. गिऱ्हाईक तीस रुपये जास्त देईल का? काही देतील, काही नाही देणार. पण निदान घासाघीस करताना कुठल्या आकड्याच्या खाली उतरायचं नाही, हे तरी आपल्याला ठाऊक असतं.

प्रत्येक धंद्याची वही मात्र निराळी. शिवणकाम करणारीला रोजच्या विक्रीपेक्षा उधारी आणि आगाऊ रक्कम लिहिणं महत्त्वाचं. कापड कुणाचं, माप काय, आगाऊ किती, बाकी किती, द्यायची तारीख कोणती. लग्नसराईत पन्नास ब्लाउज शिवले आणि पंधरा जणींनी "नंतर देते गं" म्हटलं, तर अस्तर, हूक, दोऱ्याचे पैसेही अडकतात. तोंडी मागायला गेलं की नाती दुखावतात. वही उघडून तारीख दाखवली की तितकं वाईट वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. शेळ्या-कोंबड्या पाळणारीने खाद्य आणि मेलेली पिल्लं, दोन्ही लिहायला हवं.

मासळीचं गणित सगळ्यात अवघड, कारण माल संध्याकाळपर्यंत टिकत नाही. सकाळचा वाटा शंभराचा, दुपारी साठचा, आणि दिवेलागणीला पडेल त्या भावाला. बर्फ, गाडीभाडं, बसायच्या जागेची पावती, हे रोजचे छोटे खर्च डोक्यात राहत नाहीत. दोन महिने वारानुसार लिहिलं की सोमवार-गुरुवारी किती कमी माल उचलायचा ते आपोआप कळतं, श्रावणाची तर बातच नको! सुक्या मासळीची तऱ्हा वेगळी. मे महिन्यात बोंबील, सुकट भरून ठेवायची आणि पावसाळाभर विकायची. पैसा तीन-तीन महिने डब्यात अडकतो, आणि तेवढ्यात गटाच्या हप्त्याची तारीख येते. धंदा बुडत नसतो, पैसा फक्त मालात असतो. पण लिहिलेलं नसेल तर बाई घाबरते आणि सावकाराकडे जाते.

"आता सगळं फोनवर येतं की!" असं तरुण मुली म्हणतात. क्यूआर कोड आता भाजीच्या पाटीवरही आला, खरं आहे. पण फोनवर आलेला पैसा विक्रीचा, भावाने पाठवलेला की लाडकी बहीण योजनेचा, हे तो मेसेज नीट उलगडून सांगत नाही. रोख विक्री तर त्यात नसतेच.

आमच्या भागात वहीचं आणखी एक कारण आहे, आणि ते पाण्याचं आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या, माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. जिवापुढे धंद्याचं काय घेऊन बसायचं, हे कबूल. पण पाणी ओसरल्यावर चूल पेटवायची तर धंदाच उभा करावा लागतो. त्या वेळी सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५०,००० रुपये, आणि टपरीधारकांना जास्तीत जास्त १०,००० रुपये जाहीर केले. पंचनाम्यात नुकसान किती, हा प्रश्न आलाच. रस्त्यावरच्या दुकानाला निदान पाटी असते. घरातल्या कोपऱ्यातली मशीन, दोन गोण्या तांदूळ आणि गिऱ्हाइकांचं चिखलात गेलेलं कापड, हा धंदा होता हे कशावरून दाखवणार? विमा असला तरी तिथेही कागदच विचारतात.

म्हणून गटातल्या बायकांना आता मी दोन गोष्टी सांगते. वही माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत. आणि दर महिन्याला पानांचे फोटो काढून बाहेरगावच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवायचे, म्हणजे आपला फोन बुडाला तरी हिशेब वाचतो. मालाच्या पावत्यांचेही तसेच.

मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. बँकेत "महिन्याला किती सुटतं?" असं विचारल्यावर "बरं चाललंय" म्हणणारी आणि सहा महिन्यांचं पान पुढे करणारी, यांत फरक पडतोच.

शंभर पानांची साधी वही घ्या. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले, आणि घरासाठी उचलले ते वेगळ्या रंगाच्या पेनाने. रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटं पुरतात. लिहिता येत नसेल तरी अडत नाही. आमच्याकडची एक मासळीवाली मावशी अंगठेबहाद्दर आहे, पण शंभराच्या नोटेला गोल, पन्नासाला आडवी रेघ, अशी खूण करते आणि आठवीतली नात रात्री त्याचे आकडे मांडते. सध्या दोघींचं एकाच गोष्टीवरून भांडण चालू आहे. घरी कालवणाला नेलेली मांदेली खर्चात लिहायची की नाही? नात म्हणते लिहायची. मावशी म्हणते, "माझीच मासळी, मीच खाल्ली, त्याचा कसला गं हिशेब!" पण परवा पाहिलं, तर उजव्या पानावर एक आडवी रेघ होती, आणि तिच्या शेजारी छोटासा मासा काढलेला.