खुबा मोडल्यावरची पहिली रात्र

न्हाणीघरात घसरून पडलेल्या आजींना स्ट्रेचरवरून वॉर्डात आणलं जातं. एक पाय किंचित आखूड दिसतो, तळवा बाहेर वळलेला. एक्स-रे यायच्या आधीच जुन्या सिस्टर ओळखतात, खुबा गेलाय. "आजी, दुखतंय का?" "नाही गं, बरी आहे." अर्ध्या तासाने बेडपॅन सरकवायला कंबर जरा उचलली आणि आजींच्या किंकाळीने सगळा वॉर्ड जागा झाला.

आजी खोटं बोलल्या नव्हत्या. हाडावरच्या पातळ आवरणात आणि सांध्याच्या पिशवीत मज्जातंतूंची दाटी असते. तुकडे स्थिर असले तर नुसता ठणका असतो, तो सोसवतो. ते जरा हलले की कळ मस्तकात जाते. त्यात मांडीचे स्नायू आखडून तुकडे आणखी ओढतात. म्हणून प्रश्न दोनदा विचारायचा, एकदा निवांत असताना आणि एकदा कूस बदलताना. स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाला दुखणं किती याचा आकडा बऱ्याचदा सांगता येत नाही, तिथे चेहरा आणि आवळलेली मूठ पाहायची. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची २०११ सालची मार्गदर्शिका सांगते की दुखणं रुग्ण येताक्षणी तपासा, औषध दिल्यावर अर्ध्या तासात पुन्हा पाहा आणि वॉर्डात ते आटोक्यात येईपर्यंत तासातासाला विचारा.

ऑपरेशन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं हे खरं, पण रक्ताच्या तपासण्या, टूडी एको, रक्त पातळ करणारी गोळी उतरायची वाट यांत वेळ जातोच. तोवर पहिला आधार पॅरासिटामॉलचा. ५० किलोंवरच्या माणसाला साधारणपणे १ ग्रॅम, दर सहा तासांनी. वजन कमी असेल किंवा यकृत नाजूक असेल तर डॉक्टर मात्रा उतरवतात. "दुखलं तर मागा" हा कारभार इथे चालत नाही, औषध घड्याळाच्या ठोक्याला हवं. घरच्या पिशवीतली डायक्लोफेनॅकची गोळी मात्र पिशवीतच राहू द्या. म्हातारं मूत्रपिंड, अंगात पाणी कमी आणि वर रक्तस्रावाची भीती असताना ती महागात पडते. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन ही औषधं कामाची आहेत, पण त्यांनी मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी येते, श्वास मंदावतो, कधी माणूस बरळायला लागतो. गंमत अशी की न शमवलेल्या वेदनेनेही माणूस बरळतो. त्यामुळे आजी भलतंच बोलायला लागल्या की औषध बंद करा असं सरसकट म्हणता येत नाही.

खरा उतारा जांघेत द्यायच्या इंजेक्शनचा आहे. त्याला 'फॅशिया इलियाका ब्लॉक' म्हणतात. १९८९ साली फ्रान्समध्ये दालँस आणि सहकाऱ्यांनी तो लहान मुलांसाठी मांडला, आता तो आजी-आजोबांच्या जास्त उपयोगी पडतोय. जांघेत स्नायूवर एक चिवट पापुद्रा असतो आणि मांडीच्या मुख्य नसा त्याच्याखालून जातात. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई त्या पापुद्र्याखाली नेतात. औषध सोडलं की काळा पट्टा पसरताना दिसतो, नीट पसरला तर सुई बरोबर बसली. साधारण ३० मिलीलीटर पातळ केलेलं भुलीचं औषध लागतं. २०-३० मिनिटांत मांडी जड होते आणि पुढचे बरेच तास बेडपॅनची धास्ती कमी होते. खुब्याच्या मागच्या बाजूचे तंतू मात्र या इंजेक्शनच्या टप्प्यात येत नाहीत, म्हणून दुखणं पूर्ण शून्य होत नाही. औषध जास्त झालं तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून मात्रा वजनावर ठरते आणि मॉनिटर लावलेला असतो. पायातली ताकद काही तास कमी होते, पण मोडक्या खुब्याने चालायचं कुठे असतं?

पूर्वी पायाला पट्टी गुंडाळून वजन लटकवायचे, काही ठिकाणी आजही लटकवतात. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा त्याने दुखणं कमी होतं असं दिसलं नाही. त्यापेक्षा पिंढरीखाली उशी बरी, फक्त टाच गादीला टेकणार नाही असं पाहायचं, नाहीतर तिथे जखम होते.

ब्लॉकचा आणखी एक फायदा ऑपरेशनच्या दिवशी कळतो. पाठीत भूल द्यायला रुग्णाला उठून बसवायचं किंवा कुशीवर वळवायचं असतं आणि मोडका खुबा तेव्हाच सगळ्यात जास्त बोंबलतो. म्हणून कितीतरी भूलतज्ज्ञ पाठीच्या सुईआधी जांघेची सुई देतात. रात्रीच ब्लॉक दिला असेल तर त्याची वेळ केसपेपरवर लिहून घ्या आणि ड्युटीवरच्या सिस्टरना सांगून ठेवा. तो पहाटे उतरतो. आजी निवांत झोपल्यात म्हणून मध्यरात्रीचं पॅरासिटामॉल कुणी चुकवलं असेल, तर चार वाजता कूस बदलताना ते कळतं.